नाणेघाटाला या, पण कड्यापासून वीस पावलं मागे थांबा

पुण्या-मुंबईहून, कल्याण-नाशिकहून, नगरहून या पावसाळ्यात नाणेघाटाचा उलटा धबधबा बघायला निघालेल्या सगळ्यांना जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून कळकळीची विनंती. विनंती एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला ज्यांना वेळ नाही त्यांचंही काम होईल. कड्याच्या काठावर जाऊ नका. काठापासून निदान वीस पावलं मागे थांबा. फोटोसाठी नको, रीलसाठी नको, ‘जरा खाली डोकावून येतो’ म्हणूनही नको.

मृगाच्या सरी आल्या की पहिल्याच शनिवारी चावंडच्या पुढे घाटघरपर्यंत गाड्यांची रांग लागते. येणाऱ्याला नको म्हणणारी माणसं आम्ही नव्हे. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, त्याचा इथे आनंदच झाला. चहा-भजीची टपरी, घरगुती जेवण, वाटाड्याचं काम यांवर या पट्ट्यातल्या महादेव कोळी वाड्यावस्त्यांतली कितीतरी घरं पावसाळा काढतात. भात कापून होईपर्यंत दुसरा पैसा हातात येत नाही. तेव्हा जरूर या, मनसोक्त भिजा, घाटघरला जेवा. पण धडधाकट परत जा. दर पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुठल्या ना कुठल्या कड्याखालून, कुठल्या ना कुठल्या डोहातून कुणाला तरी स्ट्रेचरला बांधून वर काढावं लागतं. ते काम करणाऱ्यांत भाताची आवणी अर्धवट सोडून धावलेली गावातलीच पोरं असतात.

हा धबधबा उलटा का उडतो हे कळलं की काठ का टाळायचा हेही कळतं, म्हणून ते आधी सांगतो. सह्याद्रीची भिंत इथे कोकणाच्या बाजूला जवळजवळ उभी तुटलेली आहे. वर जुन्नर तालुक्यातलं घाटघरचं पठार, खाली मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा येतो आणि या भिंतीवर आदळतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून तो कड्याला घासत वर चढतो. नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याच्या आसपास, खिंडीत आणि कड्याच्या खाचांत तो आणखी आवळला जातो आणि त्याचा जोर वाढतो. पठारावरचं पाणी काठावरून खाली उडी घेतं न घेतं तोच हा वारा त्याला झेलतो, त्याचे तुषार करतो आणि परत पठारावर भिरकावतो. धार बारीक असते म्हणून हे घडतं. पाऊस फार वाढून धार जाड झाली किंवा वारा पडला, की हाच धबधबा चारचौघांसारखा खाली कोसळतो. मग लांबून आलेली मंडळी ‘उलटा कुठाय?’ म्हणून टपरीवाल्याशी वाद घालतात.

याचा अर्थ असा, की पाणी उलटं उडताना दिसतंय त्या वेळी वारा जोरात आहे, आणि सगळ्यात जोरात तो नेमका काठावर आहे. तुम्ही बघायला आलात ती गोष्ट आणि तुम्हाला धोका आहे ती गोष्ट, दोन्ही एकच. दुसरं म्हणजे हे तुषार मागे पठारावर येतात. भिजण्यासाठी काठ गाठायची काही गरज नाही. आणि बघण्यासाठी तर काठासारखी वाईट जागा नाही, तिथून फक्त पायाखालचं धुकं दिसतं. पाण्याचा फवारा आकाशात चढताना बघायचा असेल तर बाजूला, मागे, मोकळ्या पठारावर उभं राहावं. जाणकार छायाचित्रकार तिथेच उभे असतात.

गेल्या काही वर्षांत या वाऱ्याशी खेळायचं एक खूळ फार बोकाळलंय. काठावर जायचं, हात पसरायचे आणि अंग पुढे टाकून वाऱ्यावर रेलायचं. वारा खरंच तोलून धरतो, बाजूने मित्र शूटिंग करतो, खाली गाणं जोडलं की रील तयार. पण डोंगरातला वारा एकसारखा वाहत नाही. झोत येतो, मधेच क्षणभर पडतो, पुन्हा येतो. तो पडतो तेव्हा तुमचा सगळा भार दरीकडे झुकलेला असतो आणि पायाखाली शेवाळलेला ओला कातळ असतो. पाऊल मागे घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही. अंगावर प्लॅस्टिकचा सैल पोंचो असेल तर विचारूच नका. तो शिडासारखा फुगतो आणि वारा म्हणेल तिकडे माणसाला ओढतो. छत्री गाडीतच राहू द्या. टोपी उडाली, मोबाईल हातातून निसटला, तर त्याच्यामागे एक पाऊलही टाकू नका. आणि लेकराला खांद्यावर बसवून काठाकडे निघालेल्या बापांना हात जोडून सांगणं आहे: तुमचा पाय तुमच्या ताब्यात असेल, पण खांद्यावरचं पोर वाऱ्याच्या झोताला तुमच्याहून कितीतरी हलकं असतं.

पायाखालचा खडकही तुम्ही धरता तेवढा भरवशाचा नाही. सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. कठीण थरांच्या मधे काही मऊ थर आहेत. पाऊस आणि वारा ते आधी पोखरतात, आणि वरचा कठीण थर पुढे अधांतरी राहतो. त्याच्यावर उभं राहणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. बाजूच्या डोंगरावरून बघणाऱ्याला मात्र दिसतं, की पाच-सहा जण हसत-खिदळत पोकळीच्या वर उभे आहेत. काठावरचं गवत तर आणखी फसवं. पोपटी, लुसलुशीत, बसावंसं वाटणारं; पण त्याची मुळं चार बोटं मातीत असतात आणि ती माती पावसाने भिजून कातळावरून सुटायला आलेली असते. गवताला धरून कुणी वाचत नाही.

त्यात ढग उतरतात. दहा मिनिटांपूर्वी लख्ख दिसणारं पठार पांढरं होऊन जातं, हाकेच्या अंतरावरचा सोबती दिसेनासा होतो. या पठाराची खोड अशी, की ते कड्यापर्यंत जवळजवळ सपाट जातं आणि मग एकदम संपतं. उतार लागला, आता दरी जवळ आली, असा इशारा मिळत नाही. धुकं दाटलं तर आहात तिथे थांबा, खाली बसा, एकमेकांना हाका मारा. ढग फाटतो. तासभर लागला तर लागू द्या.

जुन्नरला यायचं म्हटलं की पाहुणे सगळ्यात आधी बिबट्याची चौकशी करतात. ती भीती खोटी नाही, उसाच्या पट्ट्यात आम्ही तिच्यासोबतच राहतो, आणि रात्री-अपरात्री निघून पहाटे घाटघर गाठायच्या बेताला त्यासाठीही आमचा विरोध आहे. पण नाणेघाटावर बिबट्यापेक्षा सेल्फी स्टिक जास्त भयंकर, असं गावात म्हणतात ते उगाच नाही.

आता वाटांचं. वरून गाडीने येणारे बरेच असले तरी कोकणातून चढून येणारेही कमी नाहीत. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट फुटते. जंगलातून दोन-तीन तासांची चढण आहे, उन्हाळ्या-हिवाळ्यात घरच्यांना घेऊन यावं अशी. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा. जकातीची नाणी टाकायचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून माथ्यावर आहे. शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्या दोन हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. कोरड्या दिवसात त्यांचं कौतुक वाटतं. पावसात मात्र ती खिंड म्हणजे पाण्याची हक्काची वाट असते. वर जोराची सर आली की पायऱ्यांवरून घोट्याभर पाणी येतं आणि पाण्याबरोबर दगड येतात. वरच्या माणसाच्या पायाने निसटलेला दगड खालच्याला चुकवता येत नाही, कारण दोन्ही बाजूंना भिंत. अशा वेळी खिंडीतल्या लेण्यात थांबा. पाणी ओसरल्याशिवाय ना वर, ना खाली.

थांबलाच आहात तर भिंतीकडे बघा. सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख समोर आहे. कोणता यज्ञ केला आणि त्यात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली, याचा हिशेब त्यात आकड्यांनिशी मांडलाय. आपल्याकडच्या अंकांच्या अगदी जुन्या लेखी पुराव्यांत त्याची गणना होते. शेजारी सातवाहनांच्या पुतळ्यांची नावं आहेत, पुतळे मात्र गेले. दोन हजार वर्षं टिकलेल्या या अक्षरांच्या आसपास किल्लीने, कोळशाने नाव कोरणाऱ्यांना काय म्हणावं? तिथे चूल पेटवू नका, भिंतीला हात लावू नका.

शेजारचा जीवधन पावसात चढू नका. एरवी हा किल्ला आम्हीच आग्रहाने दाखवतो. पण 1818 मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून त्याच्या पायऱ्या उडवल्या, तेव्हापासून तिथला कातळटप्पा हातापायांनी चढावा लागतो, आणि ओल्या कातळावर उतरणं हे चढण्याच्या दुप्पट कठीण. वानरलिंगीच्या सुळक्याकडे जाणारी रानवाटही धुक्यात हमखास चुकते. आंबोलीचा दाऱ्या घाट (आपल्या जुन्नरच्या आंबोलीचा, सावंतवाडीकडच्या नव्हे) तसाच. या वाटा जनावरांच्या मागे हिंडणाऱ्या, हिरडा वेचणाऱ्या माणसांच्या पायाखालच्या आहेत. त्यांच्यातलं कुणी सोबत असल्याशिवाय पावसात तिकडे वळू नका. मोबाईलच्या नकाशात तुटक रेघ दिसते तिथे वाट असतेच असं नाही. कधीकधी तो नुसता ओढा असतो.

शेजारच्या आंबेगाव तालुक्याचंही दुखणं हेच, फक्त तिथे कड्यापेक्षा डोहाने जास्त घात होतो. भीमाशंकरच्या वाटेवरचा कोंढवळचा धबधबा जंगलात आहे, देखणा आहे. खालचं कुंड बघून पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात शिवशिवतात. त्या सगळ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वरून कोसळणारं पाणी आपल्याबरोबर हवा घेऊन खाली जातं, म्हणून धबधब्याखालचं पाणी फेसाळ, पांढरं असतं. अर्धी हवा असलेलं पाणी माणसाला उचलून धरत नाही. विहिरीत ज्या हातांनी तुम्ही सहज वर येता त्याच हातांनी इथे खाली जाता. शिवाय तळाशी गेलेलं पाणी फिरून पुन्हा धारेखाली येतं, माणसालाही तसंच ओढून घेतं. त्यात तळाचे खडक आणि अडकलेले ओंडके दिसत नाहीत. पोहायला येणं आणि धबधब्यात पोहणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

ओढा वाढतो तोही न सांगता. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असेल, पण वरच्या डोंगरावर तासाभरापूर्वी काय कोसळलं ते तुम्हाला ठाऊक नसतं. निवळशंख पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, पाण्याचा आवाज जाड झाला, की बोलत बसू नका. मुलांना उचला आणि आलात त्याच काठावर वर चढा. दुसऱ्या काठावर चप्पल राहिली, डबा राहिला, राहू द्या. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती प्रवाहाच्या मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती, काठ काही पावलांवर होता आणि काठावर माणसंही होती. ती चित्रफीत अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली. तरी पुढच्या पावसात प्रवाहाच्या मधे उभं राहून फोटो काढणं काही थांबलं नाही. 15 जून 2025 ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, चार जण गेले. आमच्याकडेही ओढ्या-नाल्यांवर जुने साकव आहेत. ते गावकऱ्यांना शेतावर जायला आहेत, शंभर जणांनी एकदम उभं राहून पूर बघायला नव्हेत.

डोंगर काय करू शकतो हे आंबेगावला शिकवावं लागत नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला आणि 151 माणसं गाडली गेली. नेहमीच्या फेरीला निघालेल्या एसटीच्या चालकाला जिथे गाव दिसायचं तिथे नुसता चिखल दिसला आणि त्याने जाऊन सांगितलं, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. म्हणून घाटातल्या कुठल्याही गावात दोन-तीन दिवस संततधार असेल आणि गावकरी म्हणाले ‘आज वर जाऊ नका’, तर हुज्जत घालू नका. रस्त्यावर ताजी माती, झुकलेली झाडं, डोंगरातून नव्यानेच फुटलेले गढूळ झरे दिसले तर गाडी वळवा. एसटीवाल्याने फेरी पुढे नेली नाही तर तुम्हीही नेऊ नका; त्याला रस्ता तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बंदीबद्दल दोन शब्द, कारण दर वर्षी यावर वाद होतो. भुशीच्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर जमावबंदीचे आदेश काढले. त्याच पावसाळ्यात वन विभागाने भीमाशंकर अभयारण्यातले कोंढवळचा आणि चोंडीचा धबधबा, पदरवाडीजवळचा न्हाणीचा धबधबा, खांडसहून चढणारा शिडी घाट अशा जागा 30 सप्टेंबरपर्यंत बंद ठेवल्या. आदेश असेल तर तो पाळा, त्यात दुमत नाही. निघण्यापूर्वी चौकशी करा आणि नाक्यावर पोलिसांशी, वनरक्षकांशी वाद घालू नका. पण प्रशासनालाही सांगणं आहे, की सरसकट बंदी हा आळशी उपाय आहे. नेहमीची जागा बंद झाली की गर्दी घरी बसत नाही, ती शेजारच्या अनोळखी धबधब्याकडे वळते. तिथे ना कठडा, ना पाटी, ना गावाची नजर. रस्त्यावर नाका असला तर पोरं रात्री रानातून येतात. आणि टपरीवाल्याचा हंगाम बुडतो तो वेगळाच.

त्याऐवजी काय हवं ते आम्ही सांगतो. उलट्या धबधब्याच्या कड्यावर काठापासून वीस पावलांवर ठळक पट्टा आणि दोर. शनिवार-रविवारी तिथे उभं राहायला गावातलीच तरुण मुलं-मुली, शिट्टी आणि जॅकेट देऊन, आणि मुख्य म्हणजे दिवसाची मजुरी देऊन. सेवाभावावर किती वर्षं ढकलणार? घाटघरच्या अलीकडे गाड्या थांबवायची सोय आणि तिथून पुढे मर्यादित वाहनं. सुट्टीच्या दिवशी एक रुग्णवाहिका जुन्नरला न ठेवता वर. मोबाईलला रेंज. आणि पुणे व ठाणे या दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एकच आपत्ती आराखडा, कारण नाणेघाटावर पाय घसरलेला माणूस पुणे जिल्ह्यात घसरतो आणि ठाणे जिल्ह्यात सापडतो. वरून जुन्नरची माणसं दोर सोडतात, खालून मुरबाडकडच्या टोकावड्याच्या बाजूची माणसं जंगलातून चढतात. धुक्यात ड्रोन उडत नाही, हेलिकॉप्टरचं नाव काढू नका. वर येणारा वारा दोराला कड्यावर आपटत राहतो. उतरणारा पोरगा पंचविशीचा असतो आणि त्याचीही आई घरी वाट बघत असते.

ट्रेक काढणाऱ्या मंडळींशी जरा स्पष्ट बोलायला हवं. ज्या संस्था वर्षानुवर्षं नेटाने, शिस्तीत हे काम करतात त्यांच्याबद्दल आदरच आहे, आमच्या अडचणीला सगळ्यात आधी त्याच धावतात. पण समाजमाध्यमावर एक पोस्टर टाकून, माणशी पैसे घेऊन, तीन बस भरून आणायच्या आणि सोबत स्वतःच पहिल्यांदा आलेला एक ‘लीडर’ द्यायचा, याला ट्रेक म्हणू नका. 2021 मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणीची अट आहे. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला विचारा: नोंदणी आहे का? दहा-पंधरा जणांमागे एक जाणकार आहे का? दोर आणि प्रथमोपचार सोबत आहे का? पाऊस जास्त झाला तर ट्रेक रद्द करून पैसे परत देणार का? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याबरोबर येऊ नका.

आणखी एक गोष्ट, ज्यात कुणाचा जीव जात नाही म्हणून तिची बातमी होत नाही. तुम्ही येता ते आवणीचे दिवस असतात. रस्त्याच्या कडेला जी हिरवी-चिखलाची चौकोनी तळी दिसतात ती भातखाचरं आहेत. त्यांचा बांध मातीचाच असतो. त्यावर गाडीचं चाक चढलं की फुटतो, पाणी वाहून जातं आणि वरच्या खाचरातलं रोप उघडं पडतं. दुपारी कुणीतरी बांधावर बसून बाटली संपवतो आणि ती खाचरात भिरकावतो. दुसऱ्या दिवशी तिथे बाया गुडघाभर चिखलात वाकून, अनवाणी, मागे मागे सरकत रोपं लावत असतात. काच चिखलात दिसत नाही, टाचेत शिरल्यावर कळते. मग पायाला फडकं बांधून ती बाई तशीच लावणी पुरी करते, कारण मजुरीचा दिवस आणि पाण्याचा दिवस दोन्ही परत येत नाहीत. दारू घेऊन कड्यावर जाणं किती शहाणपणाचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बाटली सोबत घेऊन जा. या पठारावरचं पाणी पूर गावाच्या कुकडेश्वरापाशी उगम पावणाऱ्या कुकडीत जातं, तिथून माणिकडोह धरणात आणि पुढे जुन्नरपासून श्रीगोंद्यापर्यंतच्या शेतांत. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या ताटातली भाजी त्याच पाण्यावर पिकलेली असते.

रस्ता अरुंद आहे, एका बाजूलाच गाडी लावा आणि एसटीपुरती जागा मोकळी सोडा. संध्याकाळची एसटी गर्दीत अडकली की शाळा-कॉलेजातून परतणारी पोरं पावसात चालत घरी येतात. अडलेल्या बाळंतिणीला जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं असेल तेव्हा काय होत असेल, याची कल्पना करा.

गावकऱ्यांना, आपल्याच माणसांना, एक सांगणं. काठावर उभ्या राहिलेल्याला हटकायला लाजू नका. ‘गिऱ्हाईक आहे, कशाला दुखवा’ म्हणून आपण गप्प बसतो. टपरीवर चहा देताना दोन वाक्यं बोला: वारा कसाय, पाणी किती वाढलंय, आज खिंडीतून उतरायचं का नाही. वाटाड्या म्हणून जाणाऱ्यांनी पाहुण्याच्या हट्टापायी वाट बदलू नये. जास्त पैसे देतो म्हणाला तरी नाही.

आणि एवढं सगळं करूनही कुणी घसरलंच, तर त्याच्यामागे कुणीही खाली उतरू नका. एकाच्या जागी दोघे सापडण्याची वेळ अशानेच येते. 112 लावा, रुग्णवाहिकेला 108. रेंज नसेल तर दोघांनी मिळून घाटघरच्या दिशेने परत या आणि पहिलं जे दार दिसेल ते वाजवा. सांगताना नुसतं ‘नाणेघाट’ म्हणू नका. उलट्या धबधब्यापाशी की खिंडीत, लेण्याच्या वर की खाली, जीवधनच्या कोणत्या अंगाला, किती वाजता, किती माणसं, आवाजाला उत्तर मिळतंय का, हे सांगा. बाकीच्यांनी ती जागा सोडू नये, पण काठापासून लांब थांबून खूण ठेवावी. लाल-पिवळा रेनकोट दगडाखाली दाबून ठेवला तरी धुक्यात ती जागा सापडायला मदत होते. जखमी माणूस हाताशी असेल तर त्याला उगाच बसतं-उठतं करू नका, ओले कपडे अंगावर राहिले तर थंडीनेच तो खचतो, म्हणून कोरडं काही असेल ते पांघरा. आणि गटातला एक तरी मोबाईल सकाळपासून बंद करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. फोटो बाकीच्यांच्या मोबाईलवर काढा.